चांगला आहे, पण बसत नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी कवितेवर बोलणार नाही, हे ऐकून काहींना हायसं वाटेल. आज बोलायचं आहे ते बास्केटबॉलवर. पन्नाशी उलटलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या एका कवीनं या खेळावर का बोलावं, असं तुम्ही विचाराल. त्याला कारण माझा भाचा आहे.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन मुंबईत नागपाड्याला गेली. नागपाड्यात क्रिकेटइतकाच बास्केटबॉल खेळला जातो, हे मुंबईबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात तिथं नागपाडा नेबरहूड हाऊस ही संस्था सुरू केली. हा खेळ मोहल्ल्यात रुजला तो या मिशनवाल्यांमुळे, असं तिथले म्हातारे सांगतात. पुढे याच वस्तीनं भारताला अब्बास मुंतसिर यांच्यासारखा कर्णधार दिला, अर्जुन पुरस्कार मिळवलेला. आजही संध्याकाळी बच्चूखान मैदानावर दिवे लागले, की पायऱ्यांवर माणसं येऊन बसतात. चहावाला फिरतो. चेंडूचा धप्-धप् आवाज गल्लीपर्यंत येतो.

माझा भाचा त्याच मैदानावर वाढला. वय एकोणीस, उंची सहा फूट दोन इंच. खेळतो फॉरवर्डच्या जागी. ईदच्या दिवशी घरी आला, शीरखुर्म्याची वाटी हातात तशीच धरून बसला आणि म्हणाला, "मामू, मी क्लब सोडतोय."

कारण विचारलं. म्हणाला, "सर म्हणतात, तू बास्केट टाकायच्या मागे लागू नकोस. समोरचा सगळ्यात उंच गडी धर, रिबाऊंड घे, बॉल दुसऱ्याला दे. मी काय हमाल आहे का? दुसरा क्लब म्हणतोय, आमच्याकडे ये, तूच आमचा मेन."

मी लगेच काही बोललो नाही. कारण या पोराच्या तोंडून मला माझीच पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट ऐकू येत होती. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना मीही कॉलेजच्या संघासाठी धडपडत होतो. जागा तीच, फॉरवर्डची. निवडीच्या दिवशी आमच्या मार्गदर्शकांनी यादी वाचली, तीत माझं नाव नव्हतं. मी विचारलं, "सर, माझं काय चुकलं?" ते म्हणाले, "चुकलं काही नाही. तू चांगला आहेस, पण आमच्या टीममध्ये बसत नाहीस." ते वाक्य मी असं ऐकलं, की तू चांगला नाहीस. त्या दिवशी चेंडू खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही. हे दोन अर्थ वेगळे असतात, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. भाच्याला तेवढी वर्षं लागू नयेत असं वाटत होतं.

खेळणं सुटलं तरी वाचणं आणि पाहणं सुटलं नव्हतं. भाचा आमच्याकडे मुक्कामाला असला, की पहाटे फजरच्या नमाजानंतर मोबाइलवर अमेरिकेतल्या एनबीएचे सामने लावतो. मी चहा घेऊन शेजारी बसतो. तर मी त्याला म्हटलं, "आधी अॅरन गॉर्डनचा विचार करू. मग क्लब सोड."

तो हसला. गॉर्डन त्याला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. पण त्याला माहीत होत्या त्या गॉर्डनच्या उड्या. मला सांगायचा होता तो हिशेब. तोच आज तुमच्यासमोर मांडतो.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. कोर्टावर एका संघाचे पाच खेळाडू असतात. गार्ड चेंडू खेळवतात, सेंटर बास्केटजवळचा उंच माणूस असतो आणि या दोघांच्या मधला तो फॉरवर्ड. गार्डची आणि सेंटरची कामं बरीचशी ठरलेली असतात. फॉरवर्डचं काम शेजारी कोण आहे त्यावर ठरतं. घरातल्या मधल्या भावासारखं. थोरला काय करतो आणि धाकटा काय करत नाही, यावरून त्याच्या वाट्याला काय येणार ते ठरतं. म्हणूनच फॉरवर्ड पारखणं सगळ्यात अवघड.

अॅरन गॉर्डन हा सहा फूट आठ इंचांचा कॅलिफोर्नियाचा मुलगा. एनबीएत दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ऑर्लँडो मॅजिक या संघानं त्याला चौथ्या क्रमांकावर उचललं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचाही झाला नव्हता. चौथा क्रमांक म्हणजे, हा मुलगा उद्या आमच्या संघाचा कणा होणार, असा जाहीर नवस.

त्याची कीर्ती झाली ती उड्यांमुळे. एनबीएत दरवर्षी उडी मारून बास्केटमध्ये चेंडू कोंबण्याची, म्हणजे डंकची स्पर्धा होते. २०१६ साली टोरांटोत त्यानं संघाच्या हिरव्या सोंगाड्याच्या डोक्यावरचा चेंडू हवेतच उचलला, स्वतःच्या पायांखालून फिरवला आणि आत टाकला. तरी पहिला आला तो झॅक लव्हीन. २०२० साली शिकागोत तो साडेसात फुटांच्या जवळ जाणाऱ्या एका खेळाडूवरून उडाला आणि एका गुणानं हरला. दोन्ही वेळा लोकांना वाटलं, याच्यावर अन्याय झाला.

आता गंमत पाहा. माणसाची जी गोष्ट सगळ्यात आधी डोळ्यांत भरते, तिच्यावरूनच आपण त्याची किंमत करतो. एवढा उडतो म्हणजे हा तारा असणार. तारा असणार म्हणजे चेंडू त्याच्या हातात द्यायला हवा. ऑर्लँडोनं दिला. त्यानं दूरवरून फेकावं, बचाव मोडावा, गुण करावेत, अशी अपेक्षा केली. २०१७-१८ च्या मोसमात त्यानं सामन्यामागे साडेसतरा गुणांच्या वर सरासरी गाठलीही. पण तीन गुणांच्या रेषेपलीकडून त्याच्या तीन फेकींपैकी एखादीच आत जायची. संघ हरत होता. सात मोसमांत पाच प्रशिक्षक झाले. एकानं त्याला या जागी खेळवलं, दुसऱ्यानं त्या जागी. लोक म्हणायला लागले, चांगला आहे, पण वाटला होता तेवढा नाही.

आता दुसऱ्या गावाला चला. डेन्व्हर, कोलोराडो राज्य. तिथला संघ डेन्व्हर नगेट्स. १९७६ साली एनबीएत आलेल्या या संघाला तोवर एकही विजेतेपद नव्हतं. पण त्यांच्याकडे निकोला योकिच होता. सर्बियातला, जाडसर, संथ चालीचा सेंटर. तोही २०१४ च्याच ड्राफ्टमधला. गॉर्डन चौथा, हा एकेचाळिसावा. योकिच फार उंच उडत नाही, पळतोही बेताचा. पण कोण कुठे पोचणार आहे हे त्याला इतरांच्या आधी दिसतं, आणि तिथं तो चेंडू पोचवतो. त्याच्या जोडीला जमाल मरी हा गार्ड आणि मायकल पोर्टर हा दूरवरून फेकणारा तरुण.

२०२० साली हा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि लेब्रॉन जेम्स व अँथनी डेव्हिस यांच्या लेकर्सकडून एकास चार असा हरला. त्या वेळी डेन्व्हरकडे जेरामी ग्रँट नावाचा फॉरवर्ड होता. प्रतिस्पर्ध्याचा तगडा गडी अडवायचं काम त्याचं. मोसम संपल्यावर तो मोकळा झाला आणि डेट्रॉइटला गेला. तीन वर्षांचे सहा कोटी डॉलर. डेन्व्हरनंही तेवढेच पैसे देऊ केल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. पण ग्रँटला पैसे नको होते, भूमिका मोठी हवी होती. माझ्या भाच्याच्या भाषेत, त्याला 'मेन' व्हायचं होतं.

मग डेन्व्हरची ती जागा रिकामी झाली. दुसरा फॉरवर्ड पॉल मिलसॅप छत्तिशीला आलेला. तेव्हा संघबांधणी पाहणारे टिम कॉनेली होते. त्यांनी २५ मार्च २०२१ रोजी गॉर्डनला ऑर्लँडोहून आणलं. बदल्यात गॅरी हॅरिस हा अनुभवी गार्ड, आर. जे. हॅम्प्टन हा पोरसवदा खेळाडू आणि भविष्यातली एक पहिल्या फेरीची निवड दिली.

श्रोतेहो, इथं थोडं थांबू या. असा सौदा करताना काय काय पाहावं लागतं? मला त्यात तीन प्रश्न दिसतात. कोणाबरोबर, केव्हा आणि केवढ्याला.

पहिला प्रश्न, कोणाबरोबर. कोर्ट ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद. हल्ला चालू असताना त्याच्या अर्ध्या भागात दहा धिप्पाड माणसं उभी असतात. तिथं प्रत्येकाच्या हातात चेंडू असू शकत नाही. योकिचच्या संघात चेंडू योकिचच्या हातात असणार, हे ठरलेलं. मग दुसऱ्याचं चेंडूवाचूनचं खेळणं कसं आहे, हे पाहायचं. योकिच मध्यावर उभा राहतो. गॉर्डन बास्केटच्या बाजूला, शेवटच्या रेषेजवळ, जणू कुणाच्या अध्यातमध्यात नसल्यासारखा. त्याला धरणारा गडी क्षणभर मान वळवून योकिचकडे बघतो. तेवढ्यात चेंडू हवेत आणि गॉर्डनही हवेत. ऑर्लँडोत ज्या उडीची जाहिरात झाली, तिचा उपयोग डेन्व्हरमध्ये झाला.

आणि बचावात योकिचची जी उणीव, तिथं गॉर्डनचे खांदे. समोरचा सगळ्यात दांडगा माणूस मी घेतो, तू मागे राहा. एकाची उणीव दुसऱ्यानं झाकायची. संसारात करतात तेच.

दुसरा प्रश्न, केव्हा. सौद्याच्या दिवशी योकिच २६ वर्षांचा होता, गॉर्डन २५ चा, मरी २४ चा, पोर्टर २२ चा. म्हणजे ही माणसं बरोबरीनं पिकणार होती. पस्तिशीचा फॉरवर्ड आणला असता तर तो पहिल्या वर्षी जास्त उपयोगी ठरला असता, पण बाकीचे भरात येईतो तो उताराला लागला असता. विशीचा आणला असता तर उलटं. संघ उद्याचा बांधायचा, तर आजचा खेळ आणि उद्याचं वय अशी दोन्ही पारडी धरावी लागतात.

तिसरा प्रश्न, केवढ्याला. एनबीएत संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. ती ओलांडली की संधी आकसतात, खूप ओलांडली की जबर कर. २०२३ च्या करारानंतर तर जास्त खर्च करणाऱ्या संघांना खेळाडूंची अदलाबदल करण्यावरही बंधनं आली. गॉर्डनचा २०१८ चा करार असा होता, की पगार दरवर्षी थोडा कमी होत जायचा. डेन्व्हरच्या तरुणांचे पगार वाढणार होते, तेव्हा याचा उतरणार होता. किराण्याचं बिल लिहिणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हा हिशेब लगेच समजेल.

या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर मांडता येतात. त्यासाठी आता मोठमोठे संघ गणिती नेमतात, संगणक लावतात. पण चौथा एक प्रश्न आहे, तो कागदावर मांडता येत नाही. हा माणूस लहान व्हायला तयार होईल का?

विचार करा. चौथ्या क्रमांकावर निवडलेला, पोस्टरवर झळकलेला, सात वर्षं 'तू आमचा उद्याचा तारा' असं ऐकलेला माणूस. त्याला सांगायचं, तू आमचा तिसरा, कदाचित चौथा. चेंडू कमी मिळेल, काम जास्त पडेल. ग्रँट जिथून निघून गेला, नेमक्या त्याच जागी याला उभं राहायचं होतं. हे तो मनापासून करील की तोंड वाकडं करून, हे कुठल्याही आकड्यात नव्हतं. गॉर्डननं ते स्वीकारलं. पहिल्या मोसमात डेन्व्हरसाठी त्याची सरासरी दहा गुणांच्या आसपास आली. आकडे पाहणारे म्हणाले असतील, हा खाली आला.

आणि लगेच फळ मिळालं असं समजू नका. सौद्याला तीन आठवडे होत नाहीत तोच, १२ एप्रिल २०२१ ला, जमाल मरीचा गुडघा गेला. पुढचा अख्खा मोसम तो बाहेर. त्याच मोसमात पोर्टरच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली. ज्या चौघांसाठी हिशेब मांडला, ते चौघे दोन वर्षं धडपणे एकत्र खेळलेच नाहीत. २०२१ मध्ये फीनिक्सनं त्यांना चार-शून्यनं घालवलं, २०२२ मध्ये गोल्डन स्टेटनं चार-एकनं. तिकडे मधल्या काळात डेन्व्हरनं गॉर्डनशी चार वर्षांचा नऊ कोटींहून जास्त डॉलरचा करारही करून टाकला होता. त्या दोन वर्षांत कुणी म्हटलं असतं, की सौदा फसला, तर त्याला काय उत्तर देणार? हिशेब बरोबर असून उत्तर न येणं, असंही असतं.

२०२२-२३ मध्ये सगळे उभे राहिले. गॉर्डननं सामन्यामागे सोळा गुणांची सरासरी गाठली, आणि फेकलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त चेंडू आत गेले. म्हणजे फेकी मोजक्या, पण योग्य जागेवरून. बाद फेरीत त्यानं एकामागून एक कार्ल-अँथनी टाउन्स, केव्हिन ड्युरँट, लेब्रॉन जेम्स, जिमी बटलर असे गडी अंगावर घेतले. अंतिम फेरीत मायामीत झालेल्या चौथ्या सामन्यात, ज्या दिवशी मोठ्यांची मदार याच्यावर आली, त्या दिवशी २७ गुण केले. १२ जून २०२३ रोजी डेन्व्हर प्रथमच विजेता झाला.

इथं भाचा मला म्हणाला, "म्हणजे मामू, तुम्ही सांगताय की गॉर्डन शहाणा आणि ग्रँट मूर्ख."

मी म्हटलं, नाही रे बाबा. तसं असतं तर ही गोष्ट इसापनीतीत शोभली असती. ग्रँट डेट्रॉइटला गेला तेव्हा आदल्या वर्षीच्या बारा गुणांवरून त्याची सरासरी बावीसवर गेली. संघ ७२ पैकी फक्त २० सामने जिंकला, हे खरं. पण त्याच्यात किती खेळ होता हे त्याला स्वतःला कळलं. पुढे टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात तो होता. त्याला जे हवं होतं ते त्यानं मागितलं आणि मिळवलं. दोघांनीही निवड डोळे उघडे ठेवून केली. फसतो तो, ज्याला आपण काय निवडतोय हेच कुणी सांगितलेलं नसतं.

आणि ऑर्लँडोचंही पाहा. गॉर्डन गेल्यावर त्यांनी दोन मोसमांत फ्रान्झ वॅगनर आणि पाओलो बँकेरो हे दोन तरुण फॉरवर्ड निवडले आणि त्यांच्याभोवती नवा संघ उभा केला. गॉर्डन तिथंच राहिला असता तर त्याच्या जागेवर गर्दी झाली असती. त्या सौद्यात मिळालेली भविष्यातली निवड २०२५ साली वापरात आली. पंचविसाव्या क्रमांकावर त्यांनी जेस रिचर्डसन हा गार्ड घेतला. सौदा झाला तेव्हा हा मुलगा पंधरा वर्षांचा होता. त्याचे वडील जेसन रिचर्डसन एकेकाळी ऑर्लँडोकडून खेळलेले आणि डंकची स्पर्धा दोनदा जिंकलेले. म्हणजे जी स्पर्धा गॉर्डनच्या हातून दोनदा निसटली, तिच्या विजेत्याचा मुलगा गॉर्डनच्या बदल्यात आला. याला हिशेब म्हणा की नशीब, तुमची मर्जी.

आता शेवटची एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. संघात बसणं हे कायमचं नसतं. २०२३ चा विजेता संघ पुढच्या दोनच वर्षांत बदलला. ज्यांनी गॉर्डनला आणलं ते कॉनेली २०२२ मध्येच मिनेसोटाला गेले होते, आणि २०२४ मध्ये त्याच मिनेसोटानं डेन्व्हरला बाहेर काढलं. २०२५ च्या उन्हाळ्यात मायकल पोर्टरलाही डेन्व्हरनं ब्रुकलिनला देऊन टाकलं. खेळ वाईट झाला म्हणून नव्हे. त्याचा पगार आणि संघाची गरज यांचा मेळ राहिला नाही.

गॉर्डन मात्र राहिला, कारण तो एका जागी थांबला नाही. भोवतालचे बदलले तसा तो बदलला. ज्या माणसाची दूरची फेक ऑर्लँडोत चेष्टेचा विषय होती, त्यानं २०२४-२५ मध्ये तीन गुणांच्या फेकींपैकी ४३ टक्क्यांहून जास्त आत टाकल्या. आणि एप्रिल २०२५ मधला क्लिपर्सविरुद्धचा तो सामना! बाद फेरी, ९९-९९ अशी बरोबरी, शेवटचा क्षण. योकिचनं फेकलेला चेंडू आखूड पडला. आणि बास्केटच्या बाजूला, नेहमीच्या जागी, कुणाच्या अध्यातमध्यात नसल्यासारखा गॉर्डन उभा होता. त्यानं तो हवेतच पकडला आणि वेळ संपता संपता आत घातला. पंचांनी पडद्यावर पुन्हापुन्हा पाहून बास्केट मान्य केली. लोक म्हणाले, काय ही उडी! मी भाच्याला म्हटलं, उडी नंतर बघ. आधी बघ तो कुठे उभा होता.

श्रोतेहो, मी कवी आहे, तेव्हा माझ्या धंद्यातलं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तरुणपणी माझ्या कविता संपादकांकडून परत यायच्या. 'कविता चांगल्या आहेत, पण आमच्या अंकात बसत नाहीत.' मुशायऱ्याला गेलो तर बुजुर्ग विचारायचे, "मियाँ, उर्दू में क्यों नहीं लिखते?" मराठी संमेलनाला गेलो तर एखादे गृहस्थ कौतुकानं म्हणायचे, "अहो, तुमचं मराठी किती छान आहे!" अहो, माझ्या आईनं मला मराठीतच रागं भरलंय, ते छान नसायला काय झालं? पण दोन्हीकडे मी बाकावर बसलेला राखीव खेळाडू. पुष्कळ वर्षं मी हे असंच घेतलं, की दोष माझ्यात आहे. आता वाटतं, यादी करणाऱ्यांनी 'हा बसत नाही' एवढंच म्हणून थांबू नये. कुठे बसेल, कुणाबरोबर बसेल आणि त्यासाठी आम्ही थोडं सरकू शकतो का, हेही त्यांनी स्वतःला विचारावं. डेन्व्हरनं गॉर्डनला लहान व्हायला सांगितलं हे खरं, पण त्याच्यासाठी रेषेजवळची ती जागाही मोकळी ठेवली.

आणि ज्याला वगळलं, त्यानंही विचारावं. मी पस्तीस वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं, "सर, बसत नाही म्हणजे काय? काय शिकलो तर बसेन?" मी विचारलं नाही. रागानं घरी आलो.

म्हणून मी भाच्याला एवढंच सांगितलं, की क्लब सोडायचा तर सोड, पण आधी सरांना जाऊन विचार. मी तुम्हाला कुणाच्या जोडीला हवा आहे? याच वर्षापुरता, की पुढेही? आणि मी हे काम केलं, तर माझ्या खेळाचं काय होणार?

आठवड्यानं त्याचा फोन आला. सर म्हणे आधी चिडले, मग अर्धा तास त्याच्याजवळ बसले. कागदावर पाच गोल काढून दाखवले. म्हणाले, आपल्या सेंटरचे गुडघे आता फार तर दोन वर्षं चालतील. तोवर तू समोरचा मोठा गडी धरायला शीक, आणि रोज सरावानंतर कोपऱ्यातून पन्नास चेंडू टाक. दोन वर्षांनी मला तू दोन्हीकडे लागणार आहेस. भाचा म्हणाला, "मामू, हे आधी सांगितलं असतं तर?" मी म्हटलं, तू आधी विचारलं असतंस तर?

हा मोसम तो तिथंच खेळणार आहे. पुढच्या वर्षीचं त्यानं अजून ठरवलेलं नाही, आणि मीही त्याला विचारत नाही. दुसरा क्लब वाईट नाही. कदाचित तिथं तो बावीस गुण करील आणि सुखात राहील. ती निवड त्याची.

परवा रविवारी संध्याकाळी मी बच्चूखान मैदानावर गेलो होतो. पायऱ्यांवर जागा धरून बसलो. भाच्यानं सहा गुण केले. सहाच. पण समोरच्या संघातला तो उंच, नावाजलेला गडी, तो सबंध सामनाभर वैतागलेला होता. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पांढरी दाढी, हातात चहाचा कप. सामना संपत आला तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "भाई, वो लंबा लड़का कौन है? गोल ज्यादा नहीं करता, मगर रोकता बहुत अच्छा है."

मी म्हटलं, "मेरा भांजा है."